हापशापूर्वीचा इतिहास : जन्मतः बधिरांध बालकाची बुद्धी कोठे जागी होते?

१/
हेलन केलर हे नाव उच्चारताच बहुतेकांच्या मनात एकच दृश्य उभे राहते. तारीख ५ एप्रिल १८८७. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया हे गाव. हापशाच्या धारेखाली सहा वर्षांच्या मुलीचा एक हात आणि दुसऱ्या तळहातावर शिक्षिका ॲन सलिव्हन बोटांनी उमटवीत असलेली ‘पाणी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे. त्या क्षणी मुलीला उमगले, की प्रत्येक वस्तूला नाव असते. पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांनी हा क्षण अजरामर केला आहे. आजच्या थ्रेडमध्ये या क्षणाविषयी एक तक्रार मांडायची आहे.

२/
घटना खरी आहे, याविषयी वाद नाही. तक्रार आहे ती आपण तिला दिलेल्या स्थानाविषयी. हापशापाशी बुद्धी जागी झाली आणि त्यापूर्वी सारा अंधार होता, असा आपला समज झाला आहे. या समजापायी ज्या मुलांच्या आयुष्यात असा हापसा कधी आलाच नाही, ती इतिहासातून वगळली गेली, पुष्कळदा शाळेतूनही. माझे मत असे, की बधिरांध बालकाच्या बुद्धीचा इतिहास पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्याच्या हालचालीला कोणीतरी उत्तर देते, तेथे तो सुरू होतो. याचा पुरावा दोनशे वर्षांपासून कागदोपत्री उपलब्ध आहे. तो क्रमाने पाहू.

३/
प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. ‘बधिरांध’ म्हणजे श्रवण आणि दृष्टी या दोहोंची हानी एकत्र असलेली व्यक्ती. अशा बहुतेक व्यक्तींना थोडाफार प्रकाश वा थोडाफार ध्वनी जाणवतो. दोन्ही संवेदना पूर्णपणे नसणे विरळ. यातही दोन गट आहेत. काहींची ज्ञानेंद्रिये जन्मतःच बाधित असतात, तर काहींची नंतर होतात. हेलन केलर १९ महिन्यांची असताना आजारी पडली. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ तिने आईचा चेहरा पाहिला होता, घरातील बोलणे ऐकले होते. इतिहासातील बहुतेक प्रसिद्ध बधिरांध व्यक्ती या दुसऱ्या गटातील आहेत. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवावा.

४/
हा भेद एवढा महत्त्वाचा का? डोळे आणि कान ही दुरून वार्ता आणणारी इंद्रिये आहेत. स्वयंपाकघरात भांडे वाजले, की पाळण्यातले मूल दूध येणार म्हणून हातपाय हलवू लागते. दाराची कडी वाजली, की ते मान वळवते. आई दुसऱ्या खोलीत गेली, तरी तिचा आवाज येत असतो. म्हणजे ती दिसत नसली तरी ‘आहे’. कार्यकारणभाव, वस्तूचे टिकून राहणे, ‘आता’ आणि ‘नंतर’ या संकल्पना अशा शेकडो क्षुल्लक प्रसंगांतून कोणीही न शिकवता मुलाच्या मनात रुजतात.

५/
जन्मतः बधिरांध बालकाला ही वार्ता मिळत नाही. कोणीतरी अचानक उचलते. अचानक अंगावर पाणी पडते. अचानक तोंडात घास येतो. हातातून निसटलेले खेळणे कोठे पडले याचा ध्वनी येत नाही, म्हणून ते जणू नाहीसेच होते. जग त्याच्याकडे पूर्वसूचना न देता येते आणि निरोप न घेता जाते. अशा मुलाने अंग आक्रसून घेतले, तासन्‌तास डोलत राहिले, डोळे बोटांनी दाबले, तर पाहणारा ‘मतिमंद’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. बुद्धी नाही आणि बुद्धीला साहित्यच मिळालेले नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक ओळखण्यास इतिहासाला फार वेळ लागला.

६/
वेळ लागण्याचे एक कारण म्हणजे प्रारंभी प्रश्नच निराळा विचारला गेला. १६८८ मध्ये आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांच्यापुढे एक कोडे ठेवले : स्पर्शाने घन आणि गोल ओळखणाऱ्या जन्मांधास दृष्टी लाभली, तर तो केवळ पाहून ते दोन्ही ओळखू शकेल काय? लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत ते समाविष्ट केले. १७४९ मध्ये दिदरो यांनी अंधांविषयीचा निबंध लिहिला. १७५४ मध्ये काँदियाक यांनी एका पुतळ्याला एकेक इंद्रिय बहाल करीत ज्ञान कसे घडते याची कल्पना रंगवली. या सर्वांना हवे होते एक रिकामे पात्र, ज्यात ज्ञानाचा पहिला थेंब पडताना पाहता येईल. त्या पात्राला भूक लागते, भीती वाटते, बहीण असते, हे प्रश्नात कोठेच नव्हते.

७/
पुढे असे ‘पात्र’ खरोखरच सापडले. जेम्स मिचेल, जन्म १७९५, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील आर्डक्लाख येथील धर्मोपदेशकाचा मुलगा. जन्मतः बहिरा आणि दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू. प्रखर प्रकाश मात्र त्याला जाणवे. काचेचे तुकडे उजेडासमोर धरून तो रमत असे. १८१० मध्ये जेम्स वॉर्ड्रॉप या शल्यविशारदांनी लंडनमध्ये त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, परंतु तिचा टिकाऊ लाभ फारसा झाला नाही. १८१२ मध्ये एडिंबरोचे तत्त्वज्ञ ड्यूगल्ड स्टुअर्ट यांनी त्याचा वृत्तान्त तेथील रॉयल सोसायटीपुढे मांडला. जुने कोडे आता सुटेल अशी विद्वानांची अपेक्षा होती.

८/
कोडे सुटले नाही. परंतु त्या वृत्तान्तांत जे नोंदले गेले, ते मला कोड्याहून मोलाचे वाटते. मिचेल माणसे गंधावरून ओळखत असे. किल्ली वा अन्य वस्तू दातांवर वाजवून तिची कंपने अनुभवण्याचा त्याला नाद होता. आपले म्हणणे सांगण्यासाठी त्याने स्वतः खुणा घडवल्या होत्या. घोडेस्वारी सुचवायची तर तो पाय उचलून तळव्याखाली बोटे जुळवी, म्हणजे रिकीब. झोप सुचवायची तर गाल हातावर टेकवी. त्याला अक्षर येत नव्हते, शब्द येत नव्हता, औपचारिक शिक्षण तर त्याला आयुष्यभर मिळाले नाही. तरीही समोर नसलेल्या घोड्याविषयी तो ‘बोलत’ होता.

९/
आता या थ्रेडमधील सर्वांत महत्त्वाची नोंद. मिचेलची आई काही दिवसांसाठी परगावी गेली, की तो अस्वस्थ होई. तेव्हा त्याची बहीण जेन त्याचे डोके हलकेच उशीवर टेकवी. आई जितक्या रात्री बाहेर राहणार, तितक्या वेळा. इतक्यांदा झोपशील, मग आई येईल. तो शांत होई. नव्या कपड्यांसाठी दोन दिवस थांबायचे आहे, हेही त्याला असेच कळवले गेले : डोळे मिटून, मान दोनदा खाली वाकवून. आणि ते त्याला कळले.

१०/
या छोट्या कृतीत किती गोष्टी सामावल्या आहेत, याचा विचार करा. संख्या आहे. रात्र हे काळाचे एकक आहे. जे अद्याप घडलेले नाही, ते घडणार आहे, हा भविष्यकाळ आहे. समोर नसलेली आई कोठेतरी आहे आणि परत येणार आहे, हा विश्वास आहे. हे सारे एका जन्मतः बधिरांध मुलाच्या ठायी एकाही शब्दावाचून होते. हेलन केलरच्या हापशाच्या पाऊणशे वर्षे आधीची ही गोष्ट. स्टुअर्ट यांच्यासारखे विद्वान त्या मुलाचे मन तपासत होते. परंतु त्या मनाशी व्यवहार करण्याची पद्धत घडवली होती ती एका बहिणीने. इतिहासाने पद्धतीचे श्रेय तिला दिले नाही, कारण तिने निबंध लिहिला नव्हता.

११/
यानंतर इतिहासाला ‘यश’ मिळाले आणि चित्र पालटले. लॉरा ब्रिजमन, जन्म १८२९, न्यू हॅम्पशायरमधील हॅनोव्हर. वयाच्या दुसऱ्या वर्षी स्कार्लेट फीव्हर, दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. १८३७ मध्ये ती बॉस्टनच्या अंधशाळेत, म्हणजे आजच्या पर्किन्स संस्थेत आली. संचालक सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी चमचा, सुरी, किल्ली अशा वस्तूंवर उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला शब्द शिकवले. इंग्रजी भाषा पद्धतशीरपणे शिकलेली ती पहिली बधिरांध व्यक्ती म्हणून गाजली. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स तिला भेटले आणि त्यांनी आपल्या अमेरिका-प्रवासाच्या पुस्तकात तिच्यावर लिहिले. तिची कीर्ती सागरापार गेली.

१२/
हाऊ यांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धर्मभावना मनुष्यात उपजत असते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो पडताळण्यासाठी त्यांनी लॉराला धर्मविषयक काहीही सांगू नये असा दंडक घातला. १८४३ मध्ये विवाहानंतर ते वर्षाहून अधिक काळ युरोपात होते. त्या काळात इतरांनी तिच्या मनात आपापली धर्ममते रुजवली. हाऊ संतापले आणि त्यांचा तिच्यातील रस ओसरू लागला. म्हणजे काँदियाकचा पुतळा अद्याप जिवंतच होता. या वेळी तो एका मुलीच्या रूपात वावरत होता. सिद्धान्त निकामी झाल्यावर मुलगी उरली आणि ती १८८९ पर्यंत जगली.

१३/
शाळेत येण्यापूर्वी लॉराची बुद्धी निद्रिस्त होती काय? हॅनोव्हरमध्ये एसा टेनी नावाचा एक वृद्ध शेजारी होता. गावाच्या दृष्टीने तो साधाभोळा, किंबहुना वेडसर. तो तिला शेतातून, ओढ्याकाठी हिंडवून आणी. दोघांच्या आपापल्या खुणा होत्या. टस्कंबियातही असेच. ॲन सलिव्हन येण्यापूर्वी हेलनच्या जवळ साठेक घरगुती खुणा होत्या आणि त्या उत्तम समजणारी तिची सवंगडी होती मार्था वॉशिंग्टन, स्वयंपाकिणीची कृष्णवर्णीय मुलगी. एक वेडसर ठरवलेला म्हातारा आणि एक नोकराघरची पोर. चमत्काराच्या कथेत अशांना जागा नसते, आणि तरी हापशापर्यंतची वाट त्यांच्याच सोबतीने चालून झाली होती.

१४/
फ्रान्समधील एक प्रसंग हेच अधिक स्पष्ट करतो. मारी अर्तँ, जन्म १८८५, जन्मतः बधिरांध. १८९५ मध्ये दहाव्या वर्षी ती प्वातिएजवळील लार्नेच्या मठात आली तेव्हा अत्यंत उग्र होती. घरून आणलेला एक छोटा चाकू तिला प्राणप्रिय होता. सिस्टर सेंत-मार्गरीत यांनी तो काढून घेतला, ‘सुरी’ची खूण तिच्या हातांवर केली आणि चाकू परत दिला. पुन्हा घेतला, पुन्हा खूण, पुन्हा परत. अखेर मारीने स्वतः खूण केली. नंतर लुई आर्नूल यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘तुरुंगातील आत्मा’ या अर्थाचे. मला हे रूपक मान्य नाही. तुरुंगातला कैदी आत पूर्ण वाढलेला असतो, दार उघडायचाच अवकाश असतो. मारीचे तसे नव्हते. तिचा जीव एका वस्तूत होता आणि तिच्या त्या ओढीला कोणीतरी भाषेचे रूप दिले. ओढ आधी होती, खूण मागून आली.

१५/
विसाव्या शतकात ही चर्चा सोव्हिएत रशियात गेली. इवान सोकोल्यान्स्की यांनी १९२३ मध्ये खारकीव्ह येथे बधिरांध मुलांसाठी शाळा काढली. त्यांचे शिष्य अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मॉस्कोजवळील झागोर्स्क येथे अशा मुलांचे निवासी केंद्र उघडले. मेश्चेर्याकोव्ह यांनी अक्षरांपासून प्रारंभ करण्यास विरोध केला. त्यांचा प्रारंभ चमच्यापासून होता. मोठ्या माणसाचे हात मुलाच्या हातावर. दोघे मिळून चमचा धरतात, भरतात, तोंडाशी नेतात. मुलाच्या हाताने जराशी स्वतःची हालचाल केली, की मोठ्याने आपला जोर तेवढाच कमी करायचा. जोर कायम ठेवला तर मूल निष्क्रिय राहते. फार लवकर काढून घेतला तर कृती मोडते.

१६/
यामागील विचार खोल आहे. चमचा ही माणसाने घडवलेली वस्तू आहे. तिच्या आकारात एक हेतू साठवलेला आहे. ती योग्य रीतीने वापरणे म्हणजे तो हेतू आपल्या हाताने समजून घेणे. संस्कृतात ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे, आणि आपण ज्ञान ‘ग्रहण’ करतो असेच म्हणतो. शब्दात दडलेले हे सत्य झागोर्स्कच्या मुलांनी अक्षरशः जगून दाखवले. येथून निघालेले चार विद्यार्थी १९७१ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दाखल झाले आणि १९७७ मध्ये पदवीधर झाले. जगभर त्याचा गाजावाजा झाला.

१७/
परंतु येथेही चमत्काराचा मोह आड आलाच. तत्त्वज्ञ एवाल्ड इल्येन्कोव्ह यांनी या मुलांची मने जणू शून्यातून, केवळ सामाजिक व्यवहारातून घडली, असे मांडले. पुढे टीकाकारांनी दाखवून दिले, की त्या चौघांपैकी एकही जन्मतः बधिरांध नव्हता. त्यांतील अलेक्सांद्र सुवोरोव्ह यांची दृष्टी तिसऱ्या वर्षी आणि श्रवण नवव्या वर्षी गेले होते. म्हणजे बोलणे त्यांना आधीच येत होते. चौघांच्या कर्तृत्वात याने काही उणे होत नाही. परंतु सिद्धान्त सिद्ध करण्याच्या घाईत पुन्हा एकदा जन्मतः बधिरांध मूल मागे पडले, आणि त्याच्या नावाने दुसऱ्याचेच यश मांडले गेले.

१८/
मग ते मूल इतिहासाच्या पुढ्यात आले कधी? एका साथीमुळे. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आले, की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बालकांच्या मातांना गरोदरपणी रुबेला झाला होता. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सुमारे १ कोटी २५ लाख लोकांना लागण झाली आणि सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली : बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष. या बालकांतील कित्येकांना श्रवण आणि दृष्टी या दोहोंची हानी होती. आता एकटी लॉरा वा एकटी हेलन नव्हती. शाळांच्या दारात मुलांची रांग होती, आणि त्यांतील बहुतेकांवर हापशाची युक्ती चालत नव्हती. तळहातावर अक्षरे लिहून काहीच घडत नव्हते, कारण अक्षर ज्याचे नाव सांगणार, ती वस्तूच त्यांच्या जगात अद्याप स्थिर झालेली नव्हती.

१९/
या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत नेदरलँड्सच्या सिंट-मिखिल्सखेस्टल येथील यान व्हान डाइक (१९३७–२०१८) यांचे नाव अग्रगण्य. डोलणाऱ्या मुलाला थांबवण्याऐवजी त्याच्यासोबत डोलावे, हा त्यांचा प्रारंभ. मूल आणि शिक्षक अंगाला अंग लावून बसतात. मूल डोलते, शिक्षकही त्याच लयीत डोलतो. मग शिक्षक थांबतो आणि वाट पाहतो. काही वेळाने मूल अंगाला हलका झोका देते, म्हणजे ‘पुन्हा’. हा त्या मुलाचा पहिला उद्गार. त्यात ‘मी’ आहे, ‘तू’ आहे, आणि आपल्या कृतीने दुसऱ्यात बदल घडवता येतो, हा कार्यकारणाचा पहिला धडा आहे. ज्या डोलण्याला लोक मंदपणाचे लक्षण मानत होते, तेच संवादाचे दार ठरले.

२०/
तेथून पुढची पायरी म्हणजे सूचक वस्तू. जेवणाआधी रोज तोच चमचा हातात द्यायचा, आंघोळीआधी तोच पंचा. काही काळाने चमचा हातात येताच मूल जेवणाच्या जागेकडे वळते. आता जग पूर्वसूचना देऊन येऊ लागले. मग या वस्तू दिवसाच्या क्रमाने खणांच्या पेटीत मांडायच्या. मूल खण चाचपते : आधी आंघोळ, मग जेवण, मग फिरणे. झालेल्या कामाची वस्तू बाजूला ठेवली, की ‘झाले’ ही कल्पना येते. पुढच्या खणातील वस्तू म्हणजे ‘नंतर’. काळ असा हाताला लागतो. याला शिक्षक कॅलेंडर पेटी म्हणतात.

२१/
आता आर्डक्लाखची ती उशी पुन्हा आठवा. जेन मिचेल भावाचे डोके रात्रींच्या संख्येएवढे टेकवीत होती, तेव्हा ती नेमके हेच करत होती : अमूर्त काळाला देहाच्या ओळखीच्या कृतीत उतरवत होती. जे ज्ञान १८१२ च्या वृत्तान्तात नोंदलेले होते, ते शास्त्र म्हणून उभे राहण्यास दीडशे वर्षे लागली. मधल्या काळात विद्वान त्या वृत्तान्तात उपजत कल्पनांचा पुरावा शोधत राहिले आणि जगाला पहिल्या शब्दाच्या जादूचे वेड लागले. इतिहासात अनेकदा कागद हरवल्याने ज्ञान हरवते. येथे कागद सुरक्षित होता. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र दुसरीकडे होते.

२२/
यावर एक रास्त आक्षेप येईल. चमत्काराच्या कथेनेच लोकांची मने वळवली, देणग्या आणल्या, शाळा उभ्या केल्या. ती नसती तर या मुलांकडे कोणी पाहिलेच नसते. आक्षेपात तथ्य आहे. डिकन्सचे पुस्तक वाचूनच हेलनच्या आईला आशा वाटली आणि तो धागा ॲन सलिव्हनपर्यंत पोहोचला. स्वतः ॲन यांनी हस्तवर्णमाला पर्किन्समध्ये वृद्ध लॉराकडून आत्मसात केली होती. कथेचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु कथेने जे मोजमाप मागे ठेवले, ते घातक आहे. पदवी मिळवणारे, पुस्तक लिहिणारे मूल यशस्वी. आणि सहा महिन्यांच्या कष्टांनंतर पंचा हातात येताच न्हाणीघराकडे वळणारे मूल अयशस्वी? जन्मतः बधिरांध मुलासाठी ते वळणे हापशाइतकेच मोठे आहे.

२३/
आपल्याकडे काय घडले? १९५५ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, हेलन केलर भारतात आल्या. मुंबईलाही त्यांनी भेट दिली. १९७७ मध्ये बेरोझ वाच्छा यांनी मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट फॉर डेफ अँड डेफब्लाइंड ही संस्था स्थापन केली. बधिरांध मुलांच्या शिक्षणाचे काम आपल्या देशात तेथून आकारास आले. रुबेलाविरोधी लस अमेरिकेत १९६९ मध्ये आली. भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची राष्ट्रीय मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत गोवा होता, आणि महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली. लस आणि मोहीम यांमधील सुमारे अर्धशतकाचे अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवावे. त्या अंतरात मुले जन्मत होती.

२४/
त्या मुलांचा दफ्तरी शोध घ्यावयास गेलात, तर अडचण येईल. २०११ च्या जनगणनेत दृष्टी, श्रवण, वाचा असे वेगवेगळे रकाने होते. एकाहून अधिक बाधा असलेल्यांसाठी ‘बहुविकलांगता’ असा एकच. त्यात बधिरांध किती, हे त्यातून कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांची यादी दिली आणि तीत बहुविकलांगतेच्या अंतर्गत बधिरांधत्वाचा नावाने उल्लेख केला. नाव मिळाले, हे मोठे पाऊल होय. परंतु ज्याची गणना होत नाही त्याच्यासाठी शिक्षक नेमला जात नाही, विशेष प्रशिक्षणाची जागा मंजूर होत नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षे, जी सर्वांत मोलाची, ती निदान होण्यातच निघून जातात.

२५/
म्हणून तरुण इतिहासप्रेमींना एक विनंती. यापुढे ‘प्रथम’ आणि ‘चमत्कार’ हे शब्द आढळले, की मागे वळून पाहा : त्या क्षणापूर्वी त्या मुलाशी कोण बोलत होते? बहुधा तेथे एखादी बहीण, शेजारी, नोकराचे मूल, रात्रपाळीची आया सापडेल. त्यांची नावे तळटिपांत असतील किंवा नसतीलही. परंतु बुद्धीचा विकास कसा होतो, याविषयीचे सर्वांत विश्वासार्ह पुरावे त्यांच्या कृतींत आहेत. बधिरांध मुलांच्या इतिहासात हे विशेष उघड दिसते, कारण येथे दुसऱ्या माणसाच्या हातावाचून जगाकडे जाण्याची वाट फार अरुंद आहे.

२६/
मराठीत ‘चाचपडणे’ हे क्रियापद आपण दिशाहीनतेसाठी वापरतो. अंधारात चाचपडणे म्हणजे वाट न सापडणे. ज्याचे डोळे आणि कान त्याच्या बोटांत आहेत, त्याच्यासाठी चाचपडणे म्हणजेच पाहणे, ऐकणे आणि विचार करणे. तेव्हा असे मूल एखाद्या वस्तूवर पुन:पुन्हा हात फिरवताना दिसले, तर त्याचा हात धरून बाजूला करू नका. आपला हात त्याच्या हाताखाली, त्याला हवा तेव्हा काढून घेता येईल असा ठेवा, आणि थोडा वेळ थांबा. जेन मिचेलने केले ते इतकेच होते.

थ्रेड समाप्त. आपल्या परिसरात बधिरांध मुलांसाठी काम केलेल्या शिक्षकांची, आयांची वा संस्थांची जुनी टिपणे, अहवाल, छायाचित्रे कोणाकडे असतील, तर ती जपून ठेवा आणि संबंधितांच्या संमतीने अभ्यासकांपर्यंत पोहोचवा. या इतिहासाची साधने अद्याप कपाटांत पडून आहेत.